चपटी गाठ

तिसरी दोरी कापताना कात्री अडली. इन्स्पेक्टरने ती उजेडात धरून पाहिली. धार गेलेली, खिळा सैल, आणि एका मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून खळीने चिकटवलेली. या घरात कात्रीसुद्धा निवृत्त झाली होती. त्याने दोरी दोन बोटांत ताणली, कात्रीने चावल्यासारखी तोडली, आणि तिच्यावर वाळत घातलेले दोन हातरुमाल आणि एक एकटाच मोजा खाली पडू दिला.

दुपारचे अडीच वाजले होते. आतल्या खोलीत आई-बाबा झोपले होते. दोघांत मिळून एकच घोरणं चालू होतं. एकाने सोडलं की दुसऱ्याने उचलायचं.

दोऱ्या घरभर होत्या. पलंगाच्या उशाशी निघायच्या आणि भिंतीच्या कडेने, कमरेच्या उंचीवर, खिळ्याखिळ्याला वळसा घेत स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढच्या दारापर्यंत जायच्या. "थंडीत बाहेर कपडे वाळत नाहीत," असं बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कमरेच्या उंचीवर कपडे कोण वाळत घालतं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बाबांनी जन्मभर पुस्तकांची बांधणी केली. अशा माणसाला कुठल्याही अडचणीवर दोरा, कापड आणि खळ यांपलीकडे काही सुचत नाही, हे मुलाने लहानपणीच ओळखलं होतं आणि तेव्हापासूनच घराबाहेर पडायची तयारी सुरू केली होती.

तो लिफ्ट तपासायचा. बावीस वर्षं. पोलादी दोरावरून कापडाचा बोळा फिरवायचा. तुटकी तार असली की बोळ्यात अडकते. त्याने एक 'नापास' लिहिलं की बारा मजल्यांची माणसं मुकाट जिना चढायची. सहा आठवड्यांची रजा काढून, दोन दिवसांचा प्रवास करून तो इथे आला होता, आणि आल्या दिवसापासून त्याने कामाची वही उघडली होती.

*

नोंद १. दाराची कडी: दोऱ्याने बांधलेली. खुर्चीचा पाय: कापड व खळ. बाबांच्या चष्म्याची काडी: कापड व खळ. माणूसही आतून तसाच असावा.

नोंद ४. (दोन आणि तीन लिहायच्या लायकीच्या नाहीत.) बाबा पेपर मोठ्याने वाचतात. पहिल्या पानापासून हवामानापर्यंत, निधनवार्ता दोनदा. आई डोळे मिटून ऐकते. बाई शिकलेली आहे. पेपर तिच्या हातात देता येतो.

नोंद ५. आईपुढे कप ठेवला की बाबा चमच्याने टेबलावर दोनदा टकटक करतात. मांजराला बोलवावं तसं. आई त्या टकटकीला हात पुढे करते. लाज दोघांनाही नाही.

नोंद ७. आई बोलताना माझ्या कानाकडे बघते. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली, तिला माणसाचा कान तेवढाच खरा वाटत असणार.

नोंद ८. आई घराबाहेर पडत नाही. म्हणते, गुडघे. घरात मात्र गुडघे चालतात.

*

वही उगाच नव्हती. त्याच्या बॅगेत एक अर्ज होता. त्याच्या शहरातल्या वृद्धनिवासात एक खोली, दोन पलंग, खिडकी पार्किंगच्या बाजूला. महिनाअखेरपर्यंत राखून ठेवलेली. फोनवर आईने अट घातली होती, "आमचं आम्हाला जमतंय तोवर इथेच. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील तिथे." त्याने विचारलं होतं, जमतंय की नाही हे ठरवणार कोण? "तू ये आणि बघ," आई म्हणाली होती. "तपासणं तुझंच काम ना!"

अर्जातला नववा प्रश्न कुटुंबीयांसाठी होता. दोघे मदतीशिवाय घरात वावरू शकतात काय? होय / नाही.

'नाही' लिहायला त्याचा हात शिवशिवत होता. पण इन्स्पेक्टर खोटं लिहीत नसे. त्याला एक ठोस दोष हवा होता, आणि तीन आठवडे झाले तरी या कळकट, चिकटवलेल्या, बांधलेल्या घरात दोघं म्हातारी कुठे अडखळायलाच तयार नव्हती. निदान अडखळण्यासारखं जे होतं ते काढून टाकावं, म्हणून त्याने कात्री घेतली होती.

*

आई आधी उठली. पलंगावर बसून तिने डावा हात भिंतीकडे नेला. हात जरा वर गेला, जरा खाली आला, आणि खिळ्यापाशी थांबला.

"अहो," ती म्हणाली.

बाबा उठून बसले. त्यांनी भिंत पाहिली, मग दारात उभ्या मुलाच्या हातातला गुंता पाहिला.

"हे काय केलंत, साहेब?"

बाबा त्याला नोकरी लागल्यापासून साहेब म्हणत. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, याचा हिशोब त्याला कधी लागला नव्हता.

"घर मोकळं केलं. कुणीतरी अडकून पडलं असतं."

"असतं," बाबा म्हणाले. "पडलं तर नव्हतं कुणी."

"कपडे वाळवायला मशीन आणतो."

आईने पाय पुन्हा पांघरुणात घेतले. "मला आज उठावंसं वाटत नाही," ती त्याच्या कानाला म्हणाली. "गुडघे धरलेत."

*

नोंद १२. आई रुसली आहे. दोरीसाठी. वय वर्षं सत्त्याहत्तर.

नोंद १३. रुसवा, दिवस दुसरा. जेवण पलंगावर. न्हाणीघरात जायचं झालं तर बाबांचा हात धरून, नव्या नवरीसारखी. आत गेल्यावर दार बंद, दोघंही आत. या वयात.

नोंद १४. बाबा म्हणाले, "दोरी परत बांधू दे." का? तर सवय आहे. लिफ्ट पडायच्या आधी सगळे हेच म्हणतात.

नोंद १५. तिसरा दिवस. आम्हाला लहानपणी रुसायला एक संध्याकाळसुद्धा मिळायची नाही.

*

चौथ्या दिवशी सकाळी तो मशीनची चौकशी करायला निघाला. बाहेर धुकं होतं; समोरच्या इमारतीचे फक्त वरचे दोन मजले शिल्लक होते. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर बोटं गारठली तेव्हा त्याला हातमोज्यांची आठवण झाली, आणि तो स्वतःवरच चरफडत मागे वळला. वाटेत औषधाच्या दुकानात बाबांची पाठ दिसली. दुकानदाराला ते काहीतरी समजावत होते. बहुतेक बाटलीचं झाकण कापड लावून कसं घट्ट बसवायचं ते.

त्याने किल्लीने दार उघडलं आणि तो जागीच थांबला.

बोळाच्या त्या टोकाला आई उभी होती. रुसलेली, गुडघे धरलेली आई, एकटी. पकडलं, असं त्याच्या मनात आलं. तो काही बोलला नाही. बघू या, नाटक कुठवर जातं.

आई डावा तळहात भिंतीवर सपाट ठेवून चालत होती. एक पाऊल, मग हात पुढे. हाताला खिळा लागला की थांबायची, खिळ्याला अंगठ्याने चाचपायची, आणि मग पुढच्या खिळ्याचा शोध. दोन खिळ्यांमधल्या मोकळ्या भिंतीवर तिची बोटं पसरायची. डोळे उघडे होते. ते सरळ त्याच्यावर होते. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, खिडकीचा सगळा उजेड त्याच्या तोंडावर होता, आणि आई त्याच्याकडे बघत त्याच्याच दिशेने येत होती.

"आलात का हो?" ती म्हणाली. "इतक्यात?"

तो गप्प राहिला. आता गप्प राहण्याचं कारण वेगळं होतं.

आईने उजवा हात पुढे केला. बोटं त्याच्या कोटाला लागली, बटणावरून फिरली.

"तू आहेस," ती म्हणाली. "यांच्या कोटाला हे बटण नाही."

तिने हात काढला नाही. खिळ्यावर ठेवावा तसा बटणावर ठेवला होता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. उजव्या डोळ्याला खिडकी कुठे आहे एवढं कळतं. दोन डॉक्टरांना दाखवून झालंय, तू आता तिसरा नको शोधूस."

"मला सांगितलं का नाही?"

"तुझा तो नववा प्रश्न आहे ना."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "बाबांनी माझ्या बॅगेत हात घातला?"

"मग? मला सगळा अर्ज वाचून दाखवला. हवामानाच्या आधी." तिने त्याची बाही धरली. "मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत सोड. तिथून पुढे लागत नाही कुणी. चहा करते."

त्याने तिला उंबऱ्यापर्यंत सोडलं आणि तिथेच उभा राहिला. सवय वाईट, तो चुका शोधत होता. किटली, पाणी, काडेपेटी, ज्योत, साखरेचे दोन चमचे. एक थेंब बाहेर पडला नाही. कपात चहा ओतताना तिने बोटाचं पेर काठाशी आतून धरलं होतं.

"एक्सचेंजमध्ये बोर्डाकडे बघून प्लग लावायच्या त्या नव्या मुली," आई म्हणाली. "त्यांच्याकडे बघून आम्ही हसायचो."

कप त्याच्यापुढे ठेवून तिने टेबलावर दोनदा टकटक केली.

*

नोंद १६.

(काही लिहिलं नाही.)

*

दोरी त्याने स्वतः बांधायची ठरवली. झालं ते झालं, पण काम निदान नीट तरी व्हावं. बाजारातून तो नायलॉनचा दोर, पितळी आकडे आणि ताण घट्ट करायचे स्क्रू घेऊन आला. ड्रिलने भिंतीत भोकं पाडली. घरभर चुना उडाला. बाबा औषधाची पिशवी छातीशी धरून दारात उभे राहिले.

"साहेब, लिफ्ट टांगताय?"

"तुमचे खिळे हलतात."

"हलतात. ती ओढत नाही ना पण. नुसता हात ठेवते." बाबा आत आले, आणि मग जरा हळू बोलले. "गाठींचं सांगितलं का तिने? एक गाठ आली की स्वयंपाकघराचं वळण. दोन आल्या की न्हाणीघर. तीन म्हणजे पुढे पायरी आहे."

गाठी? त्याला गाठी आठवत नव्हत्या. त्याने जुन्या दोऱ्यांचा गुंता कचऱ्याच्या डब्यातून काढला आणि उजेडात धरला. काही दिसेना. मग त्याने दोरी डाव्या हाताच्या बोटांमधून हळूहळू ओढली, कामावर पोलादी दोर तपासायचा तशी. आणि एका जागी ती बोटांना लागली. इवलीशी, चपटी, मेण लावून दाबलेली. मग तिच्या शेजारी आणखी एक.

"पुस्तकाच्या पाठीत घालायची गाठ आहे ती," बाबा म्हणाले. "पुस्तक मिटलं तरी पाठीला उंचवटा येता कामा नये. बोटाला कळली पाहिजे, डोळ्याला नाही. पाहुण्यांच्या तर मुळीच नाही."

कापताना त्याने ती नुसती दोन बोटांत ताणली होती.

संध्याकाळपर्यंत दोर लागला. सरळ, ताठ, नियमाप्रमाणे. गाठी त्याने त्याला येत होत्या तशा मारल्या, माणूस लटकला तरी सुटणार नाहीत अशा. आई उठली, दोराला हात लावला, आणि पुढच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. तिसऱ्या गाठीपाशी तिचा हात किंचित थबकला.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"मजबूत आहे," आई म्हणाली.

बाबांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं.

*

निघायच्या सकाळी त्याने अर्जाचं शेवटचं पान टेबलावर, पेपरच्या खाली ठेवलं. निरोपाचं फार काही झालं नाही. या घरात ते कधी होत नसे. आईने त्याच्या कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत मोजली आणि म्हणाली, "पाचही आहेत." दार लोटून घेऊन तो बाहेरच्या पायरीवर बूट घालायला बसला. दार नीट लागत नाही, हे त्याने दुसऱ्याच दिवशी लिहून ठेवलं होतं.

आतून बाबांचा वाचायचा आवाज आला. आधी तारीख, मग मोठ्या बातम्या, आणि मग, बातमीच्याच सुरात, "प्रश्न नववा."

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

"होय."

कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"नीट वाचा."

"होय, असंच लिहिलंय. खाली सही आहे. शिक्का पण मारलाय गाढवाने, लिफ्टचा."

"बरं," आई म्हणाली. "मग आता ती तिसरी गाठ सोडा आधी. दगडासारखी लागते बोटाला. आणि बाकीच्या पण."

"सोडतो. तो जाऊ दे."

"गेला नाही अजून?"

"बूट घालतोय."

"मग हळू बोला की!"

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी आवळली. गाठीवरून अंगठा फिरवला. मग ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.