डोक्याला धरलेली बाटली

त्या घरातले मूल बोलायला शिकण्याआधी बाटली धरायला शिकते, असे धाकटा दीर थट्टेने म्हणे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. परफ्यूम करणे हा घरचा व्यवसाय, आणि सासऱ्यांचा नियम एकच, पण अढळ: बाटली तिच्या पोटाला धरावी, दुसऱ्या हाताचा तळवा बुडाखाली असावा. अर्काच्या मोठ्या बाटल्यांना काचेची बुचे असत. कोणी बुचाला धरून बाटली उचलली, तर बूच हाती राही आणि वर्षभराची मेहनत फरशीवर सांडे. थोरल्या सुनेने कारखान्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तसे केले होते. तेव्हा सासऱ्यांनी आवाज न चढवता जे ऐकवले, ते ती कदाचित विसरली असती. तिचे हात मात्र विसरले नाहीत.

आता बाटल्या, खोकी आणि टोपणे हे सारे खाते तिच्याकडे होते, आणि त्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला. तीच तिची कमाई. मोजल्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवीत नसे, म्हणून दिराने तिचे नाव ‘मोजपट्टी’ ठेवले होते.

आजवर घराच्या साऱ्या बाटल्यांना फिरकीचे टोपण असे. यंदा, सासऱ्यांची चार वर्षे खाल्लेल्या नव्या सुगंधासाठी, प्रथमच ओढून काढायचे टोपण घ्यावे असे ठरले. सुनेने सत्तावीस नमुने मागवले आणि तीन आठवडे त्यांची पाठ सोडली नाही. बाटल्या रात्रभर उलट्या ठेवून गळती पाहिली, उन्हात ठेवून रंग पाहिला, डोळे मिटून प्रत्येक टोपण लागतानाचा आवाज ऐकला. शेवटी तिने जे निवडले ते जस्ताचे होते: जड, गुळगुळीत, माथ्यावर किंचित खोलगट. त्यात तिला सर्वांत अधिक अभिमान वाटे तो याचा, की ते दोन बोटांनी अलगद निघे. बाटलीशी झटापट करायला लावणारे टोपण म्हणजे पाहुण्याला दारात ताटकळत ठेवणारा यजमान, असे तिचे मत होते.

दिराला त्याच नमुन्यांतले लाकडी टोपण हवे होते. वाद आठवडाभर चालला, आणि एका दुपारी जेवताना तिच्या तोंडून निघून गेले, “हे टोपण चुकलं तर किल्ली तुमची, भाऊजी.” सासऱ्यांनी ते ऐकले. त्या घरात सासऱ्यांच्या कानावर पडलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मागणीपत्रावर सही व्हायची त्या सकाळी विजेचे मीटर वाचणारी बाई आली. आकडा टिपून झाल्यावर तिने टेबलावरच्या बाटलीचा वास घेऊन पाहू का, असे विचारले. सून कौतुकाने हो म्हणाली. बाईने बाटली उचलली ती टोपणाला धरून. टोपण बोटांत राहिले. बाटली वीतभर वर जाऊन टेबलाच्या कडेवर आपटली आणि तिची मान फुटली.

बाई शरमेने अर्धी झाली. माझेच हात धड नाहीत, असे पुन्हा पुन्हा म्हणत ती काचा वेचू लागली. पलीकडच्या खोलीतून दिराने विचारले, काय फुटले? मीटरवाल्या बाईच्या हातून बाटली निसटली, एवढे उत्तर पुरे झाले असते. बाईने स्वतःच तशी कबुली दिली होती, आणि साक्षीला तिसरे कोणी नव्हते. सुनेच्या जिभेवर ते वाक्य आलेही होते. पण ज्या बाईने तीन आठवडे मोजमाप केले, तिला न मोजलेले वाक्य उच्चारता येईना. “सांगते,” एवढेच ती म्हणाली, दुसरी बाटली आणि एक जाड उशी घेऊन तिने रस्त्याकडच्या खिडकीत मांडली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वास घ्यायला बोलावले. शिंपी, कुरियरवाला, दोन शिक्षिका, चष्मेवाला, एक आजीबाई. सहांतल्या पाचांनी बाटली डोक्याला धरून उचलली. उशीने पाच वेळा तिचा जीव वाचवला. सहावी आजीबाई, तिने टोपणाला हातच लावला नाही, वाकून लांबूनच हुंगले.

सुनेने सासऱ्यांपुढे किल्ली ठेवली आणि घडले ते सांगितले. आपल्यापैकी कोणीच तीन आठवड्यांत असे का उचलून पाहिले नाही, हेही सांगितले.

“मोजपट्टीनं सगळं मोजलं,” दीर म्हणाला, “फक्त माणसं मोजायची राहिली.” त्याने किल्ली उचलली आणि लाकडी टोपणाची बाटली पुढे ओढली.

“आता हिला डोक्याला धरा, भाऊजी,” सून म्हणाली.

त्याने हात पुढे केला. तो सवयीने बाटलीच्या पोटाकडे वळला. त्याने तो पुन्हा डोक्याकडे नेला, डोळे मिटून बाटली उचलली, आणि लाकडी टोपणही बोटांत आले. सत्तावीसही नमुने याच घराच्या सांगण्यावरून सैल केलेले होते.

सासऱ्यांनी ते टोपण दिराच्या बोटांतून काढून घेतले. मग म्हणाले, “चाळीस वर्षं मी घरातल्यांना वळण लावलं. गिऱ्हाइकाला लावायचं राहून गेलं.”

सुनेने काटा मागवला. भरलेली बाटली तीनशे दहा ग्रॅम भरली. टोपणाने त्याच्या दुपटीचा भार पेलला पाहिजे, म्हणजे बाटलीची मान पकडणारी आतली कडी नेमकी किती आवळायची, आणि तरीही म्हाताऱ्या बोटांना ते निघाले पाहिजे, असे ती मोठ्याने बोलत आकडे मांडू लागली. दिराने थोडा वेळ ऐकले. मग किल्ली एका बोटाने तिच्याकडे सरकवली.

“हे आवळायचं-बिवळायचं तुमचं तुम्हीच बघा, वहिनी. टोपण जस्ताचंच राहू दे. पण मला लाकडीच आवडलं होतं, हे लिहून ठेवा.”

दोन आठवड्यांनी आवळलेल्या कडीचे पहिले टोपण आले. सुनेने एक भरलेली बाटली टोपणाला दोरा बांधून दाराच्या खिळ्याला टांगली. ती दिवसभर तशीच लटकत होती आणि पडली नाही. सासरे त्या दारातून जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तेव्हा नकळत तिच्या बुडाखाली तळवा धरूनच गेले.