रांगेच्या टोकापर्यंत

मित्रांनो, निळ्या अंगाची आणि पांढऱ्या झाकणाची लशीची पेटी म्हणजे मी. आता म्हातारी झाले आहे. पण मन मात्र भरलेले आहे.

कारखान्यात मला घडवणारा कारागीर म्हणाला होता, "बाहेर कितीही तापू दे, हिच्या पोटातला गारवा हलणार नाही." ते कौतुक घेऊन मी एका लहानशा आरोग्य केंद्रात आले. तिथे मला नर्सबाई भेटल्या. वाटेने अखंड बडबडणाऱ्या, पण सुई टोचताना बाळाला कळूही न देणाऱ्या. मी त्यांच्या खांद्यावरून गल्लीबोळ पाहिले.

बंद सूतगिरणीच्या मागे पत्र्याच्या खोल्या होत्या. जनगणनेच्या कागदावर तिथे तीस घरे होती. प्रत्यक्षात नव्वदच्या वर. मागच्या मोजणीच्या वेळी फाटकाला कुलूप होते, म्हणून मोजणारा बाहेरून दिसली तेवढीच घरे लिहून परतला होता. लस यायची ती कागदावरच्या लेकरांपुरती. अर्ध्या रांगेतच मी रिकामी व्हायचे.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई लेकीला कडेवर घेऊन रांगेच्या टोकाला उभी होती. नर्सबाईंनी माझ्यात हात घातला, तर हाताला नुसता बर्फ लागला. "पुढच्या वेळी नक्की," त्या मान खाली घालून म्हणाल्या. पुढची वेळ येण्याआधी गोवर आला. मुलगी वाचली, पण तिचा उजवा कान कायमचा गेला.

नर्सबाईंनी वरच्या कार्यालयात हेलपाटे घातले.

"आकड्याबाहेर लस मिळत नाही, बाई."

"मग आकडा बदला!"

"तो मोजणीतच बदलतो."

मोजणी आली, तेव्हा नर्सबाई स्वतःच मोजणीला आलेल्या शाळेच्या मास्तरांना गिरणीमागे घेऊन गेल्या. दारे धडाधड बंद झाली. एक आजोबा खेकसले, "नावं लिहून नेतील आणि खोल्या खाली करायला लावतील!"

मास्तर म्हणाले, "हा कागद घरमालकाला दाखवत नाहीत, आजोबा."

कोणी हलेना. नर्सबाईंनी मला चौकात ठेवून झाकण उघडले. "कागदावर तुम्ही थोडे, म्हणून हिच्यात लस थोडी. माझ्या हातात दुसरं काही नाही हो."

तेवढ्यात शिवणकाम करणारी बाई पुढे आली. "आमचं घर लिहा. पाच माणसं. ही धाकटी. हिच्याशी जरा मोठ्यानं बोला, पण हिला लिहा."

मग आजोबा खाकरले. "आमचे सात लिही रे मास्तर. सून पोटुशी आहे, ते पोर धरायचं का?"

"जन्मल्यावर, आजोबा!" सगळी गल्ली हसली आणि दारे उघडू लागली.

नवे आकडे लागू झाल्यावर मी पहिल्यांदा काठोकाठ भरून निघाले. रांगेच्या टोकाला आजोबा नातवाला घेऊन उभे होते. "हा मोजणीत नव्हता बरं," ते ओशाळून म्हणाले.

"असू दे. आज पुरून उरलीय," नर्सबाई म्हणाल्या. परतताना माझ्यात दोन कुप्या शिल्लक होत्या आणि नर्सबाई चक्क गाणे गुणगुणत होत्या.

आता माझ्या झाकणाला तडा गेला आहे. मी फळीवर असते. नर्सबाई जाता-येता माझ्यावरची धूळ पुसतात. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईचे, मास्तरांचे, दार उघडणाऱ्या प्रत्येकाचे माझ्यावर ऋण आहे.

मित्रांनो, मोजणारा दारात आला की त्याला पाणी द्या आणि घरातले प्रत्येक माणूस सांगा: झोपलेले बाळ, अंथरुणाला खिळलेली आजी, कामावर गेलेला मामा. आणि शेजारचे दार बंद दिसले, तर मोजणाऱ्याला तसाच जाऊ देऊ नका. म्हणा, "थांबा, तिथेही माणसं राहतात."