तुडीलचं पाणी

"गाडी खाल्लीस तू माझी," कोंडाजीशेठ म्हणाले. सकाळपासून हे एकच वाक्य त्यांच्या तोंडात. महाडच्या नाक्यावर टपरीपाशी म्हणून झालं, टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात म्हणून झालं, आता चांगू मेस्त्रीच्या गॅरेजात उभं राहून म्हणत होते.

जानू ड्रायव्हर बॉनेटला हात लावून उभा होता. शेठ कामावरनं काढतील, ते काढोत. पण नाक्यावर एकदा 'ह्यानं इंजिन जाळलं' असं नाव पडलं की महाड-पोलादपुरात कोणी सायकलसुद्धा हातात देत नाही. आणि जानूजवळ दहा वर्षांच्या लायसनशिवाय दुसरं होतं काय?

गाडी म्हणजे शेठांची जुनी अँबॅसिडर. पेट्रोल परवडेना म्हणून तीन वर्षांमागं, त्र्याऐंशी साली, तिच्यात डिझेल इंजिन बसवलेलं. रेडिएटरची आणि इंजिनाची तोंडं जुळेनात, तेव्हा चांगूनेच दोन लोखंडी नळ्या वाकवून मधे टाकल्या. काल कशेडी घाटात त्यातली खालची फुटली. शेठ मुलीच्या सोयरिकीला खेडला निघालेले. अंगात नवा कोट, शेजारी बायको. तीन तास रस्त्याच्या कडेला उभे. ट्रकवाले हॉर्न मारून हसत जात होते, आणि ते हसणं अजून शेठांच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

चांगूने नळी सोडवली. सोडवली कसली, पाना लावताच तुटून हातात आली. आतनं गंजाचे पापुद्रे. रबरी होसच्या जोडावर, जिथनं पाणी झिरपून वाळलेलं, तिथं पांढरी खपली. चांगूने ती नखाने उचकटून जिभेवर ठेवली आणि थुंकला.

"मीठ हाय."

"कसलं मीठ?"

"रेडिएटरात खारं पाणी जातंय शेठ. एक दिवसाचं काम नाय हे. नायतर माझी नळी दहा वर्षं हलली नसती."

शेठ जानूकडे वळले. आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त वाईट होता.

"कोणी शिकवलं तुला हे? कसला डूख धरलास माझ्यावर?"

"तुडीलला भरायचो," जानू म्हणाला.

तुडील म्हणजे शेठांची सासरवाडी. दर शनिवारी फेरी. पहिल्याच शनिवारी जानू डबा घेऊन परसातल्या विहिरीवर गेला, तर शेठांची सासू गोदूबाई पडवीतनं म्हणाली, "थांब रे तिथंच. रहाटाला हात नको लावू, आम्ही पितो ते पाणी." शेठ ओटीवर बशीतनं चहा पीत होते. वर न बघता म्हणाले, "जा रे, खाली एवढी नदी हाय की."

सावित्रीला तिथवर भरती येते. पाणी खारट आहे हे जानूला ठाऊक होतं, त्यानं चूळ भरून बघितलेली. बौद्धवाडीत विहीर होती, पण उन्हाळ्यात तिथल्या बायका तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरायच्या. आपल्याच माणसांकडे मोटारीसाठी काय मागायचं? गाडीला थोडीच जीभ असते, असं म्हणून तो नदीचं ओतत राहिला. दोन वर्षं. आणि खरं सांगायचं तर, एखाद्या शनिवारी ओतताना बरंही वाटायचं. पी म्हणावं.

हे शेवटचं सोडून बाकी सगळं त्यानं तिथंच सांगितलं.

"मी असं बोललो?" शेठ म्हणाले.

"बोललात."

"मला नाय आठवत."

"तुम्हाला कशाला आठवंल."

चांगू भट्टीकडे गेला. नवीन नळीत वाळू ठासली, टोकं खुंट्यांनी बंद केली, लाल करून वाकवली. मग दुसरी. दीड तास गेला. नळ्या बसल्या, क्लिपा आवळल्या, जानूने गॅरेजच्या नळाचं पाणी भरलं. इंजिन चालू झालं. जोड कोरडे राहिले.

शेठ मागच्या सीटवर जाऊन बसले. "हे बघ, डिकीत एक डबा ठेवायचा. इथनं गोडं पाणी भरून न्यायचं. झालं की नाय? चल, बस."

"आणि नाक्यावर?"

"नाक्यावर काय?"

"जानूनं गाडी खाल्ली म्हणून सांगून आलात. आता जाऊन खरं सांगा. मग बसतो."

"मी? नाक्यावर उभं राहून सासरची विहीर सांगू?"

"मग दुसरा ड्रायव्हर बघा. बसवायच्या आधी जात विचारून घ्या, म्हंजे पाणी कुठलं घालायचं ते ठरंल."

"माजलास तू," शेठ म्हणाले. "चांगू, नाक्यावरच्या त्या भिकाजीला बोलाव."

भिकाजी टॅक्सीवाला तंबाखू मळत आला. जानूकडे बघून हसला. "काय जानोबा, इंजिन शिजवलंस म्हणं?" मग स्टेअरिंगवर बसता बसता चांगूला विचारलं, "काय झालेलं रे हिला?"

"नळी जुनी होती," शेठ मागनं म्हणाले. "काय चांगू?"

पोलादपूरकडची निम्मी गिऱ्हाइकं शेठांच्या शब्दावर चांगूकडे यायची. जानू नळाखाली हात धूत होता. तो चोळायचा थांबला.

चांगूने हातातला पाना फडक्याला पुसला. बराच वेळ पुसला.

"नळी माझी होती," तो म्हणाला. "जुनी नव्हती. तुडीलला नदीचं खारं पाणी भरत होते. शेठनी सांगितलं, ह्यानं भरलं. आणि इंजिन शिजलं नाय. नळी फुटल्याबरोबर ह्यानं घाटात बंद केलं, म्हणून वाचलं."

"शेठनी सांगितलं?"

"मागं बसलेत, त्यांनाच विचार."

भिकाजीने आरसा सरळ केला. आरशात बघून अगदी आदराने म्हणाला, "का हो शेठ, सासरची विहीर आटली काय?"

शेठांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "गाडी काढ. नाक्यावरनं नको, मागच्या रस्त्यानं घे."

"मागनं रस्ता नाय शेठ," भिकाजी म्हणाला आणि गियर टाकला.