दगड बुडाला

परिषदेची कचेरी समुद्रात कशाला बांधली, हे नवा माणूस हमखास विचारी. चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या गावांची मिळून एक परिषद करायचं ठरलं, तेव्हा कचेरी वरच्या गावात असावी की खालच्या, यावरून अशी जुंपली की ठरलेली लग्नंसुद्धा मोडली. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, मग दोघांकडेही नको. आणि दोन्ही गावांच्या मधोमध, किनाऱ्यापासून अर्धा मैल आत असलेल्या खडकावर कचेरी उभी राहिली. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसरा म्हणजे समुद्र.

ओहोटीला खडकापर्यंतची फरसबंदी वाट उघडी पडे, भरतीला ती बुडे. कचेरीच्या पायथ्याशी एक काळा दगड होता. सभा चालू असली की शिपाई पायरीवर बसून त्याच्यावर डोळा ठेवी. दगडावरून पाणी गेलं की वाट बुडायला वीसच मिनिटं उरत. तो दारातून डोकं घालून ओरडे, "दगड बुडाला!" की अर्धं वाक्य तोंडात धरून सभासद चपला शोधू लागत आणि इतिवृत्तात शेवटची ओळ पडे : भरती लागली, सभा तहकूब. चौऱ्याण्णव वर्षांत या परिषदेची एकही सभा संपलेली नव्हती. राहिलेले विषय पुढच्या सभेच्या यादीत तळाशी जात, आणि तळ गाठायच्या आत पुन्हा दगड बुडे. हे शहाणपण कुणाचं, ते इतिवृत्तात नाही.

कारकूनबाई हे सगळं अडतीस वर्षं लिहीत होत्या. त्यांच्या आधी त्याच टेबलावर त्यांचे वडील लिहायचे. एका सभेनंतर सगळे निघून गेले, वडील तेवढे इतिवृत्त पुरं करायला मागे राहिले. लिहून झालं, वही मेणकापडात गुंडाळून खिडकीत ठेवली आणि मग ते निघाले. वही सापडली. ते सापडले नाहीत. पुढच्या सभेत त्यांच्या दुखवट्याचा ठराव मांडायचं ठरलं, विषय यादीच्या तळाशी घातला, आणि दगड बुडाला.

तेव्हापासून ते घोंगडं भिजत पडलेलं. बाईंना वडिलांच्या जागी नोकरी लागली, आणि दर महिन्याला यादी करताना त्या शेवटी तोच विषय स्वतःच्या हाताने लिहीत. बोलल्या मात्र कधी नाहीत. "कारकुनाने सभेत बोलायचं नसतं, लिहायचं असतं," हे वडिलांनीच शिकवलेलं. घरी म्हातारी आई दर सभेच्या संध्याकाळी विचारी, "लागला का गं नंबर?" बाई म्हणत, "दगड बुडाला, आई." आई मान हलवून भाजी निवडायला घेई.

आता ही शेवटची सभा होती. पहिल्या तारखेपासून परिषद आतल्या मोठ्या शहराच्या परिषदेत विलीन होणार होती आणि कचेरीला कुलूप लागणार होतं. शहरातून आलेले साहेब कागदांची चळत घेऊन अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. हुकमात एक ओळ होती : उर्वरित सर्व विषय निकाली निघाले असे समजण्यात यावे. बाईंनी ती ओळ चार वेळा वाचली होती. आज नाही झालं, तर कधीच नाही.

विलीनीकरणाचं वाचन लांबलं. मिठागरवाल्या सभासदाने कचेरीच्या घंटेचं काय होणार, यावर अर्धा तास खाल्ला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि खिडकीबाहेर पाणी चढत होतं. शेवटी साहेब म्हणाले, "झालं. अध्यक्षांनी सही करावी."

बाई उठून उभ्या राहिल्या. "एक विषय राहिलाय. मागील सभेचे उर्वरित विषय."

"ते आपोआप निकाली निघतात, बाई."

"निघतात, पण यादी वाचावी लागते. वाचणं माझं काम आहे." त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "एक. वाटेवरच्या दिव्याची फुटलेली काच बदलणे."

"तो दिवाच पडून पंचवीस वर्षं झाली," मासेवाली मावशी म्हणाली. ती सभासद होऊन तीन वर्षं झाली होती. सगळे हसले.

"दोन. वरच्या गावातील मोकाट बकऱ्यांचा बंदोबस्त."

"त्यांच्या पणतवंडांचा करा आता!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तीन," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात दारातून शिपायाचं डोकं आत आलं.

"दगड बुडाला!"

सवयीने सगळ्यांचे पाय टेबलाखाली चपला शोधू लागले. साहेबही उठले. बाई बसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. "तीन. या कचेरीचे कारकून कामावरून परतताना भरतीत वाहून गेले, त्यांच्याबद्दल दुखवटा व्यक्त करणे."

खुर्च्यांचा आवाज थांबला. अध्यक्ष म्हातारे होते, होड्या बांधणारे सुतार. त्यांनी पायातली चप्पल पुन्हा काढली.

"बसा सगळे," ते म्हणाले.

"अहो, माझी गाडी पलीकडे आहे!" साहेब म्हणाले.

"पलीकडे आहे म्हणूनच सुखरूप आहे. बसा. रात्रीपर्यंत पाणी उतरेल." मग ते बाईंकडे वळले. "त्या दिवशी मी इथे खिडकी बसवायला आलो होतो. निघताना त्यांना म्हटलं, चला, उद्या लिहा. म्हणाले, दोनच ओळी राहिल्यात. मी पुढे निघालो. मागे वळून बघितलंसुद्धा नाही." थोडा वेळ ते टेबलावरून हात फिरवत राहिले. "बाई, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"दर महिन्याला लिहीत होते, काका."

मावशीने पदराने डोळे टिपले. "आणि आम्ही दर महिन्याला चपला घालत होतो," ती म्हणाली.

ठराव अध्यक्षांनी मांडला. अनुमोदन मावशी देणार तोच मिठागरवाल्याने दिलं, त्यावरून दोघांची जराशी जुंपली, मग दोघांचीही नावं घातली. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. साहेबही. खाली वाट केव्हाच पाण्याखाली गेली होती आणि लाटा पायऱ्यांवर आपटत होत्या.

बाईंनी बाहेरच्या खोलीत जाऊन घरी फोन लावला.

"आई, दगड बुडाला."

"हं," आई म्हणाली. "म्हणजे राहिलाच."

"नाही गं. झाला ठराव. दगड बुडाल्यावर झाला. आम्ही थांबलोय इथेच, पाणी उतरेपर्यंत."

"सगळे थांबलेत?"

"सगळे. साहेबसुद्धा."

पलीकडे भाजीची परात बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"मग घाई करू नकोस," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "वाट पुरी उघडी पडू दे. मी बसते जागी."

बाईंनी डोळे पुसले, आत येऊन वही ओढली आणि ठराव सविस्तर लिहून काढला. शेवटच्या ओळीशी हात सवयीने "भरती लागली" लिहायला लागला, तो त्यांनी आवरला. थोडा विचार करून त्यांनी दोन शब्द लिहिले : सभा संपली. मग वही अध्यक्षांपुढे सहीला सरकवली आणि पाणी उतरायची वाट बघत त्या खिडकीशी जाऊन बसल्या.