रेघेवरचा चिंचोका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अनंतराव मास्तरांनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांकडून वळणदार अक्षरात गिरवून घेतली होती. आणि आता आदिलाबादच्या कोर्टाची पायरी चढायचं त्यांचं दहावं वर्ष चालू होतं. पायऱ्या एकंदर सात. त्यातली पाचवी डुगडुगते, हे त्यांच्या वकिलापेक्षा त्यांच्या गुडघ्याला जास्त ठाऊक होतं.

भांडण कशाचं? शेताचं नाही, घराचं नाही. पोराटोरांच्या खेळाचं! हसायचं असेल तर खुशाल हसा, अख्खं गाव हसून दमलेलं आहे.

झालं होतं असं. चौऱ्याऐंशी साली अनंतराव बहिणीच्या नातवाच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे पहिलं अक्षर गिरवायच्या विधीला, बासरला गेले होते. सरस्वतीचं दर्शन झालं, आणि गोदावरीच्या घाटावर चिंचा खात बसले असताना त्यांना एक खेळ सुचला. एक पट, त्यावर चाळीस घरं, घरोघर रानातल्या एकेका जनावराच्या चित्राचा पत्ता: रोही, अस्वल, सायाळ, खवल्या मांजर. चिंचोका एका बाजूने दगडावर घासून पांढरा करायचा आणि लांबून फेकायचा. घरात पडून पांढरी बाजू वर आली की ते जनावर तुमचं. ज्याच्याकडे जास्त जनावरं, तो जिंकला. खेळाचं नाव ठेवलं ‘रानपकड’. चित्रं त्यांनी स्वतः काढली आणि छापली त्यांचा जिवलग मित्र नरसिंगराव याने, स्वतःच्या छापखान्यात. गुडीहत्नूरच्या बाजारापासून बेल्याच्या जत्रेपर्यंत पोरांच्या तोंडी दुसरी गोष्ट नव्हती.

मग सत्त्याऐंशी साली त्याच छापखान्यातून दुसरा खेळ बाहेर पडला, ‘जंगलजमा’. जनावरं मात्र मनाची: शिंगवालं अस्वल, तीन शेपट्यांचा रोही, पंखवाली सायाळ. फेकायचा तो चिंचोकाच, पकडायची रीतही तीच. पोरं काय, नव्याची नवलाई, तिकडे वळली. अनंतरावांकडे खेळाच्या आणि नियमांच्या पुस्तिकेच्या नोंदणीचा एक सरकारी कागद होता. गावात सगळे त्याला पेटंट म्हणायचे. तो कागद घेऊन ते वामनराव वकिलांकडे गेले, आणि तिथून सुरू झालं ते आजतागायत.

दहा वर्षांत न्यायाधीश चार झाले. शिंगवालं अस्वल हे अस्वल आहे की नाही, यावर एक पूर्ण वर्ष गेलं. मिसल, म्हणजे खटल्याच्या कागदांची चळत, एवढी फुगली की शिपाई ती दोन्ही हातांनी उचलून आणी. त्या वर्षांत पोरांच्या हातात टुकटुक वाजणारे बॅटरीचे खेळ आले. रानपकडही कोणी घेईना आणि जंगलजमाही.

“आता तो खेळ खेळते कोन?” रमाबाई, त्यांची बायको, कोर्टाच्या दर पेशीच्या सकाळी डबा हातात देताना विचारायची. “कायले जाऊन राह्यले तुमी?”

अनंतराव डबा पिशवीत घालून निघायचे, पण उत्तर त्यांच्याकडे होतं. जन्मभर त्यांनी फळ्यावर पाहून काढायला शिकवलं: केळं पाहून केळं, तांब्या पाहून तांब्या. स्वतःचं म्हणावं असं आयुष्यात एकच सुचलं होतं. निकालात एवढं एक वाक्य लिहून यावं, की हा खेळ अनंतरावांना सुचला. बाकी त्यांना काही नको होतं. हट्ट म्हणा, पण माणसाला एखादा तरी हट्ट असावाच लागतो.

सत्त्याण्णवच्या फाल्गुनात नरसिंगरावाच्या बाजूने शेवटचा साक्षीदार आला. साक्षीदार कसला, बेल्याची सत्तरीची म्हातारी, लक्ष्मीबाई. न्यायाधीश तेलुगू, म्हणून तिचं एकेक वाक्य दुभाष्या तेलुगूत करून सांगत होता.

“आमी लहानपनी जवारी राखाले जात होतो,” लक्ष्मीबाई म्हणाली. “पाखरं हाकलू हाकलू जीव कटाळून जाये. मंग माच्याखाली रेघा मारून घरं करत होतो. खापरीवर कोळशानं जनावर काढत होतो आन् चिंचोका फेकत होतो. पांढरा पडला का जनावर आपलं.”

कोर्टात कुजबुज झाली. खोटं बोलते, अनंतरावांनी स्वतःला सांगितलं. पढवून आणली आहे. आपल्याला हे बासरला सुचलं, देवीच्या दारात. शपथेवर आपण तसंच सांगितलं आहे.

वामनराव मात्र गालात हसत उठले. म्हातारीची साक्ष कशी मोडायची ते त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं. पुस्तिकेत जे आहे ते कोणीही पढवील, पण जे नाही ते ही आणणार कुठून?

“लक्ष्मीबाई, चिंचोका घरात न पडता रेघेवर पडला तर?”

पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नव्हतं. पोरं आपापसात भांडून मिटवायची. लक्ष्मीबाई थबकली. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, पण शब्द येईना.

“रेघेवर पडला तं... थांबा बाप्पा. कायतरी होतं. रेघेवर पडला तं...”

“आठवत नाही?” वामनराव न्यायाधीशांकडे वळले. “साहेब, जेवढं पुस्तिकेत तेवढंच बाईंना ठाऊक. याचा अर्थ उघड आहे.”

नरसिंगरावाने मान खाली घातली. दहा वर्षांचं जू अनंतरावांच्या खांद्यावरून उतरायला आलं होतं. त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं, बस्स.

पण म्हातारीचा उजवा हात हवेत चाचपडत होता, चिमटीत नसलेला चिंचोका धरून. तो चुकीचा हात अनंतरावांना बघवेना. मास्तरच ते, फळ्यापुढे अडलेलं पोर त्यांना कधी बघवलं नव्हतं.

“डाव्या हातानं,” ते बोलून गेले. “डोये मिटून.”

“हाव!” लक्ष्मीबाई ओरडली. “डाव्या हातानं! डोये मिटून पुन्यांदा फेकाचा! तेच मनत होतो मी.”

दुभाष्याने ते तेलुगूत सांगितलं. वामनराव झटकन पुढे आले. “साहेब, माझे पक्षकार वयस्कर आहेत, तब्येत बरी नाही, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नये.” आणि मागे वळून दातओठ खात कुजबुजले, “मास्तर, दुसऱ्या आवृत्तीत हा नियम घालणार होतो म्हणा. तेवढंच म्हणा.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, हा नियम आपल्या पुस्तिकेत आहे का?

अनंतराव उभे राहिले. आपण उठलो कशासाठी ते त्यांना उठल्यावर कळलं. सात वर्षांचे होते ते. गावात गोवराची साथ होती म्हणून आईने त्यांना बेल्याला मथुरामावशीकडे धाडलं होतं. शेतातल्या मचाणाखालची सावली, ओल्या मातीवरच्या रेघा, पोरींचा घोळका आणि दर डावाला हरणारे आपण. एवढं सगळं कुठे जाऊन बसलं होतं साठ वर्षं? खोटं तर ते कधी बोललेच नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “पुस्तिकेत नाही.”

“मग आपल्याला कसा माहीत?”

वामनरावांनी त्यांच्या कोटाची बाही ओढली. अनंतरावांनी ती हळूच सोडवून घेतली. दमले होते ते, फार दमले होते. आणि दमलेल्या माणसाला खोटं पेलत नाही.

“मी खेळलो आहे,” ते म्हणाले. “बेल्याला. लहान असताना.”

पुढचं सांगायला नको. निकाल महिन्याने लागायचा होता, पण लागला होता तो तेव्हाच. शिपायाने मिसल उचलली. वामनराव कागद गोळा करून निघून गेले, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

बाहेर कडुलिंबाच्या पारावर लक्ष्मीबाई बेल्याच्या बसची वाट बघत बसली होती. शेजारी नरसिंगराव उभा होता, जिंकलेल्या माणसासारखा अजिबात नाही. अनंतराव सात पायऱ्या उतरून आले. टाळून जायला दुसरी वाट नव्हती.

“तुले ठाऊक होतं?” नरसिंगरावाने विचारलं. दहा वर्षांत त्याचा हा पहिला शब्द.

“नाही रे,” अनंतराव म्हणाले. “मले वाटलं, मले सुचलं.”

नरसिंगराव चपलेच्या टोकाने माती उकरू लागला.

“मले बी तसंच वाटलं, अनंता,” तो म्हणाला. “तुले सुचलं असंच. बासरहून आला तवा तू कसा बोलत होता! मले रातभर झोप नाही आली. एवढं मोठं ह्याले सुचते आन् मले काऊन नाही सुचत? जळून खाक झालो मी. त्या जळण्यापायी तं जंगलजमा काढला.”

“आन् ही बाई?”

“तारखांनी कटाळलो होतो. बेल्यात कोनी सांगतलं, हे तं आमच्या इकडचं जुनं हाय. म्हटलं, सुटू दोघं बी.”

अनंतरावांना राग यायला हवा होता. आला नाही. दहा वर्षं दोघं ज्या गोष्टीसाठी भांडले, ती दोघांचीही नव्हती, आणि हे कळल्यावर हातात काहीच उरत नाही. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

लक्ष्मीबाईने डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं.

“मथुराच्या बहिनीचा पोट्टा का रे तू? अंतू?” ती म्हणाली. “लई रडका होता. हरला का रडे. आताबी तसाच हाय.”

तिने पदराची गाठ सोडून एक चिंचोका काढला. काडीने पाराखालच्या मातीत चार रेघा मारल्या आणि चिंचोका अनंतरावांच्या हाती दिला. त्यांनी तो फेकला. तो बरोबर रेघेवर पडला.

नरसिंगरावाने वाकून तो उचलला आणि आणून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवला. अनंतरावांनी मिसलीच्या नकलांची पिशवी पारावर टेकवली, डोळे मिटले आणि फेकला. नेम साफ चुकला. तो लहानपणीही चुकायचा.