शेपटावरचा सात

त्यानं अंगातला लोकरीचा स्वेटर काढून दाराबाहेरच्या खिळ्याला टांगला, बादलीतलं पाणी ओंजळीनं फरशीवर शिंपडलं आणि धूळ खाली बसेपर्यंत हाताची घडी घालून कोपऱ्यात उभा राहिला. टेबलावर, पोटाखाली खुपसलेल्या काडीवर, वीतभर लांबीचं पिवळं विमान तोलून उभं होतं. लोकरीचा एक तंतू जरी ओल्या लॅकरवर बसला, तरी तो विमानाबरोबर जन्मभर राहतो. म्हणून स्वेटर बाहेर, पंखा बंद आणि बोलणंही बंद.

मोटारींना रंग देण्यात त्याची हयात गेली होती. चेपलेली गाडी त्याच्या शेडमधून बाहेर पडली की ती नेमकी कुठं ठोकली होती, ते मालकालाही आठवून सांगावं लागे. लोक तोंड भरून कौतुक करायचे आणि तोही ते निमूट ऐकून घ्यायचा. कौतुक कुणाला नको असतं?

पण हे विमान गिऱ्हाइकाचं नव्हतं. ते थोरल्या साडूंचं होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरलीचे यजमान थोरले, धाकटीचा हा धाकटा. थोरले उड्डाणशाळेच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. घरी खिडकीशी बसून ते लाकडाची लहान विमानं करत. कशी करत, ते धाकट्यालाच ठाऊक, कारण भिंग लावून बघणारा तो एकटाच. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाची चंदेरी पट्टी कापून त्यांनी बैठकीचे पट्टे केलेले असायचे, त्यांना बकलंसुद्धा. अंगावरचे रिव्हेटचे ठिपके सुईच्या टोकानं एकेक दाबून उठवलेले. पायानं दाबायच्या पट्ट्या तर आत इतक्या खोल, की विमान बंद झाल्यावर त्या देवालाही दिसू नयेत. तरी त्या असायच्याच.

"कुणाला दिसणार आहेत त्या?" धाकट्यानं एकदा विचारलं होतं.

"विमान चालवणाऱ्याचे पाय कुठं जाणार मग?" थोरले म्हणाले होते, आणि त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं संपला होता.

एवढा हुन्नर असलेला माणूस लॅकरचा शेवटचा पारदर्शक हात मात्र स्वतः मारत नसे. लॅकरला संथपणा चालत नाही. फवाऱ्याची गन एका जागी क्षणभर रेंगाळली की ओघळ आलाच. थोरल्यांचा स्वभाव असा, की चहाचा कप खाली ठेवायलासुद्धा त्यांना वेळ लागे. म्हणून प्रत्येक नवं विमान मऊ फडक्यात गुंडाळून ते धाकट्याच्या शेडमध्ये आणत आणि झालं की पुन्हा गुंडाळून नेत. नेताना ते विमान उजेडात फिरवून बघत आणि म्हणत, "ठीक."

एवढंच. ठीक. धाकट्यानं या विमानांसाठी म्हणून वेगळी, बोटभर लांबीची गन घेतली होती. लॅकर तो बायकोच्या जुन्या पायमोज्यातून गाळून घ्यायचा. हवेत ओल असेल त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही, कारण दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. आणि या सगळ्यावर मिळायचं काय, तर ठीक.

"तुम्हाला काय सोन्याचं पदक हवंय का?" बायको विचारायची.

"पदक नको. पण माणसानं तोंड उघडावं की."

"भाऊजी ताईलाही कधी भाजी छान झाली म्हणाले नाहीत. तुम्ही कोण लागून गेलात?"

हे खरं होतं, पण त्यानं समाधान होत नव्हतं. शंभर जणांनी वा वा केली तरी ज्याला कळतं तो एक गप्प असला, की बाकीच्यांची वा वा पोटात उतरत नाही.

आणि हे विमान तर खास होतं. उड्डाणशाळेतल्या बाई आता शिकवणं थांबवणार होत्या. गावातले निम्मे वैमानिक त्यांच्या शेजारी बसून उडायला शिकलेले. त्या ज्या पहिल्या विमानावर शिकवायच्या, ते कधीच मोडीत निघालं होतं. थोरल्यांनी तेच आठवणीतून उभं केलं होतं: दोन माणसांचं, पिवळ्या रंगाचं, नाकाशी तेलाचा एक बारीक काळपट ओघळ असलेलं. निरोपाच्या दिवशी ते बाईंच्या हातात द्यायचं होतं.

धूळ बसली. धाकट्यानं दिवा आडवा धरून विमान एकदा सगळीकडून तपासलं. पारदर्शक हात काही लपवत नाही. उलट खालची चूक भिंगाखाली धरल्यासारखी वर आणतो. पंख ठीक. काच टेपनं झाकलेली. उजव्या बाजूला शेपटावरचा क्रमांक सुतात. त्यानं काडी फिरवली आणि डावी बाजू उजेडात आली.

शेवटचा आकडा, सात, वाकडा होता.

थोडाथोडका नव्हे. बाकीचे आकडे कवायतीला उभे राहावेत तसे, आणि हा एकटा भिंतीला टेकल्यासारखा मागे रेललेला. पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत बसवायचे आकडे होते ते. बसवताना बोट जरा हललं की घसरतात. पण थोरल्यांचं बोट? ते आजवर हललं नव्हतं.

मग त्याला आठवलं. थोरल्यांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. चहा घेताना त्यांनी परवा बशीऐवजी टेबलावर कप ठेवला होता, तेव्हा सगळेच हसले होते, तेही हसले होते. नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस, आणि त्याला आपलाच सात दिसला नाही.

बायको चहा घेऊन दारात आली. त्यानं तिला आत न येता लांबूनच बघायला सांगितलं.

"फोन करून विचारा ना त्यांना," ती म्हणाली.

"काय विचारू? तुम्हाला आता दिसत नाही का, असं?"

"तसं नाही हो..."

"कसंही विचारलं तरी तेच होतं. एवढ्या लोकांपुढे हे विमान जाणार. कुणीतरी बोट दाखवणार, हसणार. आणि मी आधीच सांगितलं तर त्यांना वाटणार, दिसत नसल्याचं माझ्याही लक्षात आलं." त्यानं कोमट पाण्याची वाटी पुढे ओढली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना कळायचंही कारण नाही."

बायकोनं चहा बाहेरच्या स्टुलावर ठेवला. "तुमचं तुम्ही जाणा," असं म्हणून ती गेली.

त्यानं मऊ कुंचला कोमट पाण्यात बुडवला आणि सातावर एक थेंब ठेवला. थांबला. दुसरा ठेवला. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून चादर काढावी तितक्या बेतानं त्यानं आकड्याची कड सैल केली, कुंचल्याच्या टोकानं तो पुढे कलवला आणि पट्टीला नजर लावून उभा केला. सात सरळ झाला. टिपकागदानं पाणी उचललं, तेव्हा त्यानं कितीतरी वेळ श्वासच घेतला नव्हता.

आकडा पक्का वाळू दिल्यावर त्यानं गन उचलली. पहिला हात नुसत्या धुक्याचा. ओला मारला तर लॅकर आकड्यांना खातं. गनचा फवारा विमानाच्या अलीकडे सुरू व्हायचा, पंखावरून जायचा आणि पलीकडे हवेत संपायचा, विमानावर तो सुरूही होता कामा नये आणि थांबताही कामा नये. ते धुकं वाळलं की दुसरा हात, जरासा जड. आणि मग शेवटचा. त्या हाताला तो दर वेळी घाबरायचा. सगळं अंग एकाच दमात ओलं करायचं, ओघळ यायच्या एक क्षण आधी बाजूला व्हायचं, आणि तो क्षण कुठला, ते मनगटालाच कळतं. आज मनगटाला फार चांगलं कळलं. पिवळा रंग आतून जागा झाल्यासारखा वर आला. पंखावर खिडकी उमटली, खिडकीत बाहेरचं झाड, आणि झाडाची पानंसुद्धा वेगवेगळी. त्यानं गन खाली ठेवली आणि एकटाच हसला. आयुष्यात इतका चांगला हात त्यानं मारला नव्हता, आणि ते त्याला तेव्हाच, तिथंच कळलं.

विमान न्यायला थोरले आले, ते नेहमीसारखे फडकं खांद्यावर टाकून. त्यांनी काडी धरून विमान उजेडात नेलं. पंख बघितले, नाक बघितलं. डावी बाजू समोर आली आणि त्यांचा हात थांबला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी विमान डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. धाकटा त्यांच्या ओठांकडे बघत होता.

थोरल्यांनी अंगठ्याचं नख शेपटावर हलकेच टेकवलं.

"वाळलंय पूर्ण?"

"कडक."

"म्हणजे आता काही हलायचं नाही."

"हलतंय कुठलं! तुमच्या नातवानं पाण्यात बुडवलं तरी आकडा जागचा हलणार नाही, दादा. गॅरंटी."

थोरल्यांनी मान डोलावली. धाकट्याचा जीव टांगणीला लागला होता. आज 'ठीक'च्या पुढे एखादा शब्द जाईल अशी त्याची खात्रीच होती. पण आज 'ठीक'सुद्धा आलं नाही. त्यांनी फडकं पसरलं, विमान गुंडाळलं, आणि दाराशी जाऊन वळले.

"साडूभाऊ, निरोपाला तुम्हीही चला माझ्याबरोबर."

"मी कशाला? मी तिथं कुणाला ओळखत नाही."

"चला," थोरले म्हणाले.

ते गेल्यावर तो बायकोजवळ चांगलाच धुसफुसला. तिनं ऐकून घेतलं, आणि निरोपाच्या दिवशी त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

समारंभ हँगरमध्येच होता. विमानं ढकलून बाहेर उभी केली होती आणि आत खुर्च्या मांडल्या होत्या. बाई लहानखुऱ्या होत्या, केस आखूड, आवाज मात्र धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. थोरल्यांना बघून त्या उठल्याच. भाषणं झाली, हार झाले, आणि मग थोरल्यांनी फडकं उलगडलं.

"अगं बाई!" बाई म्हणाल्या.

त्यांनी विमान दोन्ही हातांत घेतलं आणि दाराच्या उजेडात नेलं. लोक भोवती जमले. कुणी म्हणालं, आत पट्टे बघा, बकलांसकट आहेत. कुणी म्हणालं, ओलं आहे का हो हे, हात लावू का? धाकटा मागे उभा राहून ऐकत होता आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. बाई विमान हळूहळू फिरवत होत्या. डावी बाजू आली. त्यांचा अंगठा शेपटावरून गेला, पुन्हा मागे आला.

"अरे," त्या हसल्या, "सात सरळ केलास?"

थोरले फडक्याची घडी घालत राहिले.

"तुम्हाला सांगते," बाई लोकांकडे वळल्या, "हा शिकाऊ म्हणून आला, तेव्हा ओठांवर मिसरूडही नव्हतं. पहिल्याच दिवशी याला शिडीवर चढवला आणि सात रंगवायला दिला. हात असा कापत होता! सात गेला मागे रेलून. मुख्य मेकॅनिक म्हणाले, पूस तो. मी म्हटलं, खबरदार कुणी पुसलात तर. इथं रांगेनं सगळी पिवळीच विमानं उभी असायची, पण माझं कुठलं ते मला फाटकातून कळायचं. सात बघायचा आणि चालायला लागायचं."

आपण कशावर थेंब ठेवले आणि कशावर लॅकर मारलं, ते धाकट्याला एकदम दिसलं. नख टेकवून विचारलेला प्रश्नही त्याला आत्ता ऐकू आला. तो गर्दीतून पुढे झाला.

"बाई, तो सात—"

"मनात फार दिवसांपासून होतं, बाई," थोरले मध्येच म्हणाले. त्यांनी धाकट्याचं मनगट धरलं होतं. "खऱ्या विमानावर तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. म्हटलं, निदान इथं तरी नीट करू."

बाईंनी सातावर पुन्हा अंगठा फिरवला. त्यांचं हसू थोडं कमी झालं होतं, पण गेलं नव्हतं.

"शोभतोय," त्या म्हणाल्या. "तेव्हा सरळ असता, तर मला रोज शोधावं लागलं असतं, एवढंच."

"आणि बाई," थोरले म्हणाले. एका दिवसात त्यांना इतकं बोलताना कुणी ऐकलं नसेल. "हे माझे साडू. हा वरचा हात यांचा. माझा उभा जन्म विमानांमध्ये गेला, पण असा हात मी दुसरा बघितला नाही."

सगळ्यांनी वळून धाकट्याकडे बघितलं. कुणीतरी टाळीही वाजवली. बाईंनी विमान डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात कौतुकानं त्याच्यापुढे केला.

त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले होते. ते पुढे करायला त्याला बराच वेळ लागला.