नमुन्यातलं घर

दाराची साखळी न काढता तिने फटीतून बाहेर पाहिलं. बाहेरचा माणूस ओळखीच्यासारखा हसला.

"माफ करा हं, भरदुपारी त्रास देतोय," तो म्हणाला. "माझी बायको तुमच्याकडे आहे. तिला जरा बाहेर पाठवता?"

"कुणाची बायको? इथे मी आणि माझी आई, दोघीच राहतो."

त्याने फोन फटीसमोर धरला. इस्त्रीचा शर्ट, नीट कापलेली नखं, आवाज कसा मऊ. पडद्यावर नकाशा होता, नकाशात तिचीच गल्ली, आणि गल्लीच्या टोकाच्या छपरावर एक निळं टिंब. टिंब बरोबर तिच्या स्वयंपाकघरावर होतं. ते टिंब तिथे कुणी ठेवलंय, हे तिच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी भांडायला आलेलो नाही," तो म्हणाला. "तिच्या हाताचं प्लास्टर काढलं का, एवढंच विचारायचं होतं. मीच तर नेलं होतं तिला डॉक्टरकडे."

"इथे कुणी नाही," असं म्हणून तिने दार लावून घेतलं. फाटक वाजायची वाट पाहत ती तशीच दाराला पाठ लावून उभी राहिली. फाटक वाजायला फार वेळ लागला.

"कोण गं?" आईने आतून विचारलं.

"पत्ता चुकला होता."

"आणखी एक? तुझ्या त्या नकाशाने आपल्या घराची धर्मशाळा केली बघ!"

आईची चेष्टा खोटी नव्हती. लेक ज्या कंपनीत काम करायची ती कंपनी नकाशे विकत नसे. नकाशाची ॲप बनवणाऱ्यांना लागणारी हत्यारं विकत असे. टूलकिट म्हणायचे त्याला. कुणी त्यातून पार्सलं पोचवायचं ॲप बनवी, कुणी हरवलेले फोन शोधायचं. टूलकिटबरोबर एक मार्गदर्शिका जायची आणि तिच्यातला नमुन्याचा कोड तिने लिहिला होता. नमुन्यात सुरुवातीला दाखवायला एक जागा लागते. घाईत असलं की या धंद्यातली माणसं स्वतःच्या घराचेच अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकतात, कारण ते बोटांना पाठ असतात. तिनेही टाकले. नंतर बदलू म्हणाली, आणि राहून गेलं.

नमुना कुणी वाचत नाही, सगळे नुसता चिकटवतात. लोकांनी तो आकड्यांसकट चिकटवला. मग कुठल्याही ॲपला एखाद्याचा ठावठिकाणा सापडेनासा झाला, की ते मुकाट्याने तिच्या घरावर बोट ठेवू लागलं. पार्सलवाला आला, चोरीचा फोन शोधत एक जोडपं आलं, कुत्रा हरवलेले एक आजोबा आले. आईने प्रत्येकाला पाणी विचारलं, आजोबांना तर चहाही पाजला. ऑफिसात त्यावर महिनाभर हसणं चाललं. मार्गदर्शिका दुरुस्त झाली, पण नेलेला नमुना थोडाच परत येतो!

आजवर तिलाही हसूच यायचं. आज मात्र आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो समोरच्या फुटपाथवर उभा होता. तिसऱ्या दिवशीही. काही करत नव्हता. फोन बघायचा, मग खिडकी बघायची, पुन्हा फोन. तिने पोलिसांना फोन लावला.

"दार तोडलं का त्याने? शिवीगाळ केली?"

"नाही, पण..."

"बाई, रस्ता सगळ्यांचा आहे. काही झालं तर कळवा."

काही झालं तर! तिला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. ती कामावर गेली की आई घरात एकटी, आणि बेल वाजली की आई हात पुसत आधी दार उघडणार. साखळी लावायची तर आईला कधी सवयच नव्हती. तिने रजा टाकली आणि ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. सगळ्यांना शिकवत सुटायची खोड असल्यामुळे त्याला मास्तर म्हणत.

"कुठलं ॲप होतं?" मास्तरांनी विचारलं. तिने पडद्यावर पाहिलेलं नाव सांगितलं. घरच्या माणसांचे फोन कुठे आहेत ते दाखवणारं ॲप होतं ते. "मग सोपं आहे. जुन्या फोनकडून जागेचं उत्तर यायला वेळ लागतो. हे ॲप थांबतच नाही, लगेच तुझं घर दाखवून मोकळं होतं. थांबायला लाव. मी त्या कंपनीशी बोलतो."

कंपनी लहान होती, माणसं भली निघाली. चूक कळल्यावर शरमली. दुरुस्ती पाठवा, आज संध्याकाळीच सगळ्यांच्या फोनवर चढवतो, असं त्यांनी कळवलं. तिने घाईघाईने कोड लिहिला. मोजून एक ओळ बदलायची होती. करून बघायला म्हणून तिने आईच्या जुन्या फोनवर ते ॲप आधीच घालून ठेवलं होतं. आई मागच्या दाराने बाहेर गेली होती. तिने बदललेलं ॲप आपल्या फोनवर उघडलं.

निळं टिंब त्यांच्या छपरावर उमटलं नाही. पडदा काही क्षण रिकामा राहिला. मग टिंब बाजारामागच्या एका दुकानावर येऊन बसलं.

"जमलं!" ती मोठ्याने म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. तिने आईला फोन केला. "आई, तू शिंप्याकडे आहेस ना?"

"तुला कसं कळलं?"

"कळलं बुवा."

पलीकडे आईचा आवाज बदलला. "हे मला आवडलं नाही हं. मी कुठे जाते ते तुला मी सांगेन तेव्हाच कळलं पाहिजे. माझ्या पाठीवर डोळे लावलेस की काय?"

फोन ठेवल्यावर ती टिंबाकडे बघत राहिली. दुकानाचं नाव, दाराची बाजू, आत जायची पायवाट, सगळं दिसत होतं. तिने खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. तो समोर उभाच होता, मान खाली घालून, फोनमध्ये.

दुरुस्ती लॅपटॉपवर तयार होती. एक बटण दाबायचं, की संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोनही उत्तर देईल. तो इथून जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही. तिने बटणाकडे नेलेलं बोट मागे घेतलं. पुन्हा नेलं.

आई आली ती कपड्यांची पिशवी न ठेवताच तिच्याकडे बघत राहिली. "काय झालं? चेहरा पांढराफटक पडलाय तुझा."

मग तिने सगळं सांगून टाकलं. प्लास्टरचंही.

"म्हणजे तू ते नीट केलंस, तर हा मेला इथे यायचा नाही?"

"नाही."

"मग कुठे जाईल?"

आईने पिशवी खाली ठेवली.

"तुला भीती वाटते?" आईने विचारलं.

"खूप."

"मलाही वाटतेय."

तिने लॅपटॉप पुढे ओढला आणि कंपनीला कळवलं, की दुरुस्तीत खोट निघाली आहे, एवढ्यात जमेल असं वाटत नाही. मास्तर उद्या तिची अक्कल काढणार होते. काढू देत.

फाटक वाजलं. पाठोपाठ बेल. ती उठली, साखळी आहे का ते चाचपून पाहिलं आणि दार बोटभर उघडलं.

"आज खरं सांगून टाका," तो तसाच हसत म्हणाला. "आहे ना ती इथे?"

'नाही' ओठांवर आलं होतं. नाही म्हटलं की हा दुसरीकडे शोधायला लागेल. आहे म्हटलं तर...

तिच्या मागे आईची पावलं वाजली. आई दाराकडे आली नाही. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबली, आणि तिथल्या रिकाम्या पलंगाकडे बघून, बाहेर नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुणी नाही गं बाळा. तू उठू नकोस, पडून राहा."